पाठमोरी शर्यत

१९२० सालच्या ऑगस्टचे शेवटचे दिवस. ब्रसेल्समधून उत्तरेकडे निघणारा विलेब्रुकचा कालवा. सोळाव्या शतकात, १५६१ साली तो वाहतुकीला खुला झाला. ब्रसेल्सच्या नदीची वळणं टाळून मालाचे पडाव थेट शेल्ड्ट नदीच्या पाण्यात न्यावेत, यासाठी तो खोदला होता. साडेतीनशे वर्षांनंतरही तो मालवाहतुकीचंच काम करत होता. काठाला कारखाने, गोदामं, भिंती. ऑलिंपिक भरलं होतं अँटवर्पला, पण वल्हवण्याच्या शर्यती ठेवल्या होत्या इथे. जुने चित्रकार नदीकाठच्या शर्यतींची चित्रं काढत, तसं इथे काढण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी मात्र सरळ होतं, आणि शर्यतीला २००० मीटर सरळ पाणी मिळालं की बाकीचं चालून जातं.

त्या पाण्यावर कॉक्ससह, म्हणजे सुकाणू धरणाऱ्यासह, चौघांच्या होडीची अंतिम शर्यत झाली. पहिली आली स्वित्झर्लंडची होडी, ६ मिनिटं ५४ सेकंदांत. अमेरिका ४ सेकंदांनी मागे, आणि तिच्याही मागे ४ सेकंदांनी नॉर्वे. ४ सेकंद म्हणजे डोळे मिटून उघडावेत एवढाच वेळ वाटतो. त्या वेगाला त्याचं अंतर होतं सुमारे १९ मीटर. अशी होडी तेरा-साडेतेरा मीटर लांब असते, म्हणजे स्विस होडीने अमेरिकेला जवळजवळ दीड होडी मागे टाकलं होतं. होडीत विली ब्र्यूडरलिन, माक्स रुडॉल्फ, पाउल रुडॉल्फ आणि हान्स वाल्टर हे चौघं वल्ह्यांवर होते. सुकाणूवर पाउल श्टाउब.

या पाचांपैकी हान्स वाल्टरचं नाव लक्षात ठेवा. चार वर्षांनी पॅरिसला स्विस चौघांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा होडीतली बाकीची तीन वल्ही नव्या माणसांच्या हातात होती, कॉक्सही नवा होता. दोन्ही होड्यांत बसलेला माणूस एकच, वाल्टर. या लेखाचा धागा त्याच्याच हातात आहे.

आपल्याकडे वल्हवण्याची शर्यत फार लोकांनी जवळून पाहिलेली नसते. पुण्यात मुळेच्या काठी इंजिनिअरिंग कॉलेजचा रेगाटा ज्यांनी पाहिला असेल त्यांना थोडी कल्पना येईल. तेव्हा होडी जरा नीट पाहू.

त्या काळी ती लाकडाची, अतिशय अरुंद असे. बसलेल्या माणसाच्या कमरेपेक्षा फार रुंद नाही. पत्रा म्हणावा इतकं पातळ लाकूड. पाय ठेवायला चुकीची जागा निवडली तर ते तळातून पाण्यात जातील. होडी इतकी अरुंद, की वल्हं तिच्या कडेवरच टेकवलं तर त्याला पुरेशी तरफ मिळत नाही. म्हणून दोन्ही अंगांनी लोखंडी कमानी बाहेर काढलेल्या असतात आणि वल्हं त्यांच्या टोकाला अडकवलेलं असतं. बैठक रुळांवर सरकते. वल्हवणारा गुडघे दुमडून पुढे सरकतो, हात लांबवतो, वल्ह्याचं पातं पाण्यात टाकतो आणि पायांनी रेटा देतो. बघणाऱ्याला वाटतं की सारं काम हातांचं आहे. खरं काम मांड्यांचं आणि पाठीचं. हात फक्त दोर असतात. कॉक्ससह चौघांच्या होडीत प्रत्येकाकडे एकच वल्हं, दोघांचं उजवीकडे आणि दोघांचं डावीकडे. एकजण जरी क्षणभर उशिरा पडला तरी होडी त्या अंगाला कलते, आणि मग बाकीच्या तिघांची ताकद होडी पुढे न्यायच्या ऐवजी तिला सावरण्यात जाते. सात मिनिटांच्या शर्यतीत अशी अडीचशेच्या आसपास वल्ही पडतात. अडीचशे वेळा चार पाती एकाच क्षणी पाण्यात जायची आणि एकाच क्षणी बाहेर निघायची.

आणि हे सगळं पाठमोरं बसून. वल्हवणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे असतं. जिथे जायचं ते त्याच्या पाठीमागे. शेवटची रेषा दिसते एकट्या कॉक्सला, जो वल्हवत नाही, फक्त सुकाणू धरतो, ओरडतो, लय सांगतो. माणसांच्या बहुतेक शर्यतींत पुढे असलेला दिसतो आणि मागचा दिसत नाही. इथे उलटं. तुम्ही मागे पडला असाल तर समोर नुसतं पाणी असतं आणि पाठीमागे कुठेतरी दुसऱ्यांच्या वल्ह्यांचा आवाज. तुम्ही पुढे निघालात तरच प्रतिस्पर्धी तुमच्या नजरेत येतो. आधी त्याच्या होडीचं टोक, मग पहिला माणूस, मग दुसरा. कालव्यावर त्या दिवशी अमेरिकेची अख्खी होडी आणि तिच्यापुढचं जवळजवळ अर्ध्या होडीचं मोकळं पाणी स्विस चौघांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. जिंकणारा सगळं पाहतो, हरणारा काहीच पाहत नाही. मला माहीत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही खेळात असं नाही.

समुद्र नसलेल्या देशाला हे कसं जमलं?

समुद्र नाही हे खरं, पण पाणी भरपूर. झुरिकचं सरोवर शहराच्या पोटात शिरतं, तिथून लिमाट नदी निघते, ती आरे नदीला मिळते आणि आरे ऱ्हाइनला. जिनिव्हाच्या सरोवरातून ऱ्होन बाहेर पडते आणि थेट भूमध्य समुद्राकडे जाते. ल्यूसर्न, बील, नॉयशातेल, जिथे शहर तिथे सरोवर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सरोवरांच्या काठी क्लब उभे राहिले. जिनिव्हाचा नौका क्लब १८७२चा. झुरिकला १८८६ साली टॉम ग्रिफिथ नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याने ग्रासहॉपर क्लब काढला. आज तो फुटबॉलमुळे ओळखला जातो, पण वल्हवणंही त्याच्या जुन्या खेळांपैकी आहे. त्याच १८८६ साली देशातल्या वल्हवणाऱ्या क्लबांचा महासंघही स्थापन झाला. रोजचं कामधाम सांभाळून पहाटे आणि संध्याकाळी पाण्यावर जाणारी माणसं हा या क्लबांचा कणा होता. हा हौसेचा खेळ होता. पैशासाठी वल्हवणाऱ्याला त्यात जागा नव्हती.

सरोवराचं पाणी प्रेमळ नसतं. पहाटे ते काचेसारखं असतं, आणि फ्योनचा वारा डोंगरावरून सुटला की तासाभरात त्यावर अशा लाटा येतात की पातळ लाकडाची होडी बाहेर काढणं म्हणजे ती गमावणं. त्यामुळे सकाळचे शांत पाण्याचे दोन तास हीच तयारीची खरी वेळ. ज्याने हे केलंय त्याला कालव्याचं अडून राहिलेलं, भिंतींवरून लाटा परतवणारं पाणी फार परकं वाटू नये.

आणखी एक गोष्ट स्वित्झर्लंडच्या बाजूने होती, तिची दखल फार कमी घेतली जाते. वल्हवण्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ज्याला फिसा म्हणत, २५ जून १८९२ रोजी तोरिनोमध्ये स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत फ्रान्स, बेल्जियम, इटली, त्रिएस्तकडचा आद्रियातिक संघ आणि स्वित्झर्लंड होते. दुसऱ्याच वर्षी इटलीत ओर्ता सरोवरावर पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. वल्हवण्याच्या खेळाची राजधानी मानला जाणारा इंग्लंड त्यात नव्हता आणि पुढे कित्येक दशकं बाहेरच राहिला. त्याला स्वतःची हेन्लेची स्पर्धा पुरेशी वाटत होती. त्यामुळे युरोपखंडातल्या छोट्या देशांना दरवर्षी एकमेकांशी भिडायला स्वतःचं मैदान मिळालं. १९०८ साली ही स्पर्धा ल्यूसर्नला झाली, १९१२ साली जिनिव्हाला. स्विस होड्या पाहुण्या म्हणून नव्हे, यजमान म्हणून वाढल्या.

मग १९१४ आलं. युरोपीय स्पर्धा थांबली ती १९२०पर्यंत.

स्वित्झर्लंड युद्धात नव्हतं, म्हणून तिथे सगळं सुखात होतं असं समजणं चूक आहे. ऑगस्ट १९१४मध्ये सीमा राखायला दोन लाखांहून जास्त माणसं उभी करण्यात आली. देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत होती. वल्हवण्याच्या वयाची माणसंच गणवेशात होती. चार वर्षं आलटून पालटून सीमेवर पहारा, अन्नाची टंचाई, १९१८च्या नोव्हेंबरात देशव्यापी संप आणि त्याच काळात इन्फ्लुएन्झाची साथ. त्या साथीने सुमारे २५ हजार स्विस माणसं नेली. तरीही एक फरक होता, आणि तो फार मोठा होता. स्विस क्लबांच्या होड्यांतली माणसं परत आली.

इंग्लंडमध्ये ती आली नाहीत. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलेला फ्रेडरिक सेप्टिमस केली हा वल्हवणारा आणि संगीतकार होता. तो नोव्हेंबर १९१६मध्ये सोमच्या लढाईच्या शेवटच्या दिवसांत मारला गेला. त्याच होडीचा कॉक्स गिलख्रिस्ट मॅकलेगन त्याआधीच १९१५मध्ये ईप्रला पडला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये चौघांच्या होडीत जिंकलेला डंकन मॅकिनन १९१७मध्ये गेला. होडीतली जागा रिकामी झाली की दुसरा माणूस बसवता येतो. पण होडीची लय वर्षानुवर्षं एकत्र वल्हवून येते. ती तोंडी परंपरेसारखी असते. जुना माणूस नव्याला शेजारी बसवून शिकवतो. सगळे जुने एकदम गेले तर लय पुन्हा शून्यातून घडवावी लागते. स्वित्झर्लंडला ते करावं लागलं नाही. १९२०च्या कालव्यावरचा तो निकाल समजून घ्यायला याच्याइतकं मोठं कारण मला दुसरं दिसत नाही.

अँटवर्पचं ते ऑलिंपिक युद्धातून जेमतेम उठलेल्या देशात झालं. १४ ऑगस्टला उद्घाटन झालं. पाच कड्यांचा ध्वज तिथे पहिल्यांदा फडकला, खेळाडूंची शपथ पहिल्यांदा घेतली गेली. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी यांना बोलावणंच नव्हतं. आणि तिथे आपलीही माणसं होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि भारताचा पहिला संघ अँटवर्पला गेला. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत धावून एकोणिसावा आला. कुस्तीत कुमार नवले पहिल्या फेरीत हरला, पण कोल्हापूरकडचा रणधीर शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचला आणि तिथे इंग्लंडच्या फिलिप बर्नार्डकडून हरला. चौथा.

या आठवणीला इथे जागा देण्याचं कारण आहे. अँटवर्पला स्वित्झर्लंडने दोनच सुवर्णपदकं जिंकली. एक या चौघांच्या होडीचं. दुसरं हेवीवेट कुस्तीत रॉबर्ट रोथचं. आणि रोथ हा श्विंगेनचा पहिलवान. श्विंगेन ही स्विस खेड्यांची कुस्ती. भुशाच्या गोल आखाड्यात खेळतात, नेहमीच्या कपड्यांवर तागाची तोकडी चड्डी चढवतात, तिलाच पकड घालतात. आणि कुस्ती संपली की जिंकलेला पहिलवान हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हाताने झाडतो. तांबड्या मातीतून आलेला शिंदे आणि भुशातून आलेला रोथ, दोघांचे गट वेगळे होते. पण ज्या गावाला जत्रेतली कुस्ती माहीत आहे त्या गावाला ऑलिंपिकची कुस्ती फार परकी वाटत नाही, हे दोघांच्याही बाबतीत खरं होतं. वल्हवणारे मात्र शहरातले. त्यांना जत्रेचा आधार नव्हता, क्लबाचा होता.

त्याच कालव्यावर त्याच दिवसांत आणखी एक माणूस वल्हवत होता, आणि जगाच्या लक्षात राहिला तो. फिलाडेल्फियाचा जॅक केली. विटा रचणारा, पुढे बांधकामाच्या धंद्यात मोठा झालेला. हेन्लेच्या समितीने त्याला १९२०मध्ये एकट्याच्या शर्यतीत उतरू दिलं नव्हतं. समितीच्या नोंदीत त्याच्या क्लबवरचं जुनं बंधनही होतं आणि त्याने हाताने मजुरी केल्याचंही. त्याच वर्षी त्याने विलेब्रुकच्या कालव्यावर इंग्लंडच्या जॅक बेरसफर्डला एका सेकंदाने हरवलं आणि थोडी विश्रांती घेऊन त्याच दिवशी नात्यातल्या भावाबरोबर दोघांची शर्यतही जिंकली. पुढे त्याची मुलगी ग्रेस केली चित्रपटांत गेली आणि मोनाकोची प्रिन्सेस झाली. एवढं सगळं ज्या माणसाच्या वाट्याला आलं त्याची गोष्ट सांगितली जाणारच. ती सांगावी अशीच आहे.

पण एकट्याच्या होडीची गोष्ट आणि चौघांच्या होडीची गोष्ट यांत मूळचाच फरक आहे. एकट्याच्या होडीत माणूस दिसतो. चौघांच्या होडीत जर एखादा माणूस वेगळा दिसला तर ती होडी बिघडली असं समजायचं. हान्स वाल्टरने आपलं काम जितकं चांगलं केलं असेल तितका तो दिसेनासा झाला असेल. म्हणूनच मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं. त्याची कारकीर्द त्याच्या होड्यांच्या निकालांतून वाचावी लागते, आणि तशी वाचली तर ती अतिशय स्पष्ट वाचता येते.

१९२०नंतर चार वर्षांनी पॅरिस. वल्हवण्याच्या शर्यती १३ ते १७ जुलै १९२४ या दिवसांत सेन नदीवर आर्जांतय इथे झाल्या. हे आर्जांतय चित्रकारांचं गाव. क्लोद मोने १८७०च्या दशकात इथे राहत होता आणि या पाण्यावरच्या शिडाच्या होड्या त्याने पुन्हा पुन्हा रंगवल्या. नदीपलीकडे कोलोंब, जिथे मुख्य स्टेडियम होतं. शर्यती सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, १२ जुलैला, तिथल्या कडक उन्हात क्रॉस कंट्रीची धाव झाली. ३८ धावपटू निघाले, १५ पोचले. पावो नुर्मी पहिला आला, बरेच जण वाटेत कोसळले. त्या उन्हाळ्याच्या हवेत वल्हवणारे पाण्यावर उतरले. अमेरिकेच्या आठ जणांच्या होडीत येलचा बेंजामिन स्पॉक नावाचा विद्यार्थी होता. पुढे तोच बालसंगोपनाच्या पुस्तकामुळे घराघरांत पोचलेला डॉक्टर स्पॉक.

स्विस चौघांत आता वाल्टरबरोबर एमिल आल्ब्रेख्ट, आल्फ्रेड प्रोब्स्ट आणि ऑयगेन झिग होते. सुकाणूवर वाल्टर लोझली. नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, लोझलीचं वाल्टर हे पहिलं नाव, आपल्या हान्सचं ते आडनाव. फ्रान्सचा स्वतःचा देश, स्वतःची नदी, काठावर स्वतःचे लोक. स्वित्झर्लंडने ७ मिनिटं १८.४ सेकंदांत रेषा ओलांडली, फ्रान्सने ७ मिनिटं २१.६ सेकंदांत. अमेरिका तिसरी. फ्रान्स तीन सेकंद आणि थोडं मागे. या वेळच्या वेगाने ते अंतर एका होडीपेक्षा किंचित जास्त होतं. कॉक्ससह चौघांच्या शर्यतीत लागोपाठ दुसरं सुवर्ण, आणि वाल्टरच्या नावावरही दुसरं.

त्याच दिवसांत हे चौघं आणखी एका शर्यतीत उतरले होते. कॉक्स नसलेल्या चौघांची शर्यत. तेच आल्ब्रेख्ट, प्रोब्स्ट, झिग, वाल्टर. फक्त लोझली नाही. ही शर्यत वेगळ्याच जातीची. होडीत डोळे नाहीत. सगळे पाठमोरे. त्यांच्यातलाच एकजण बुटाला जोडलेल्या तारेने सुकाणू हलवतो. पायाच्या अंगठ्याची थोडी हालचाल, आणि तीही पूर्ण ताकदीने पाय रेटत असताना. मध्ये मध्ये खांद्यावरून मागे एक नजर, तीही लय न मोडता. होडी हलकी होते, कारण पन्नासएक किलोचा कॉक्स नसतो, म्हणून ती वेगवानही असते. पण सरळ ठेवायला अवघड.

या शर्यतीत ब्रिटनची होडी आली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या माणसांची. एली, मॅकनॅब, मॉरिसन, सँडर्स. त्यांनी ७ मिनिटं ८.६ सेकंद घेतली. कॅनडा दुसरा, जवळजवळ दहा सेकंदांनी मागे. स्वित्झर्लंड तिसरं. कॉक्स असला तर सुवर्ण आणि नसला तर कांस्य, असं म्हणून लोझलीला सगळं श्रेय देण्याचा मोह होतो. ते न्याय्य नाही. समोरच्या होड्या वेगळ्या होत्या, आणि दहा सेकंदांनी जिंकणाऱ्या केंब्रिजकरांना त्या दिवशी कुणी गाठलं असतं असं वाटत नाही. तरी एक गोष्ट मनात राहते. एकाच रेगाट्यात, त्याच चार माणसांनी, एकदा स्वतःचा रस्ता दुसऱ्यावर सोपवून आणि एकदा स्वतः सांभाळून वल्हवलं, आणि दोन्ही वेळा पदक घेऊन परतले. वाल्टरची कारकीर्द मला सांगायची झाली तर मी तिथून सुरुवात करीन.

आता त्याच आर्जांतयच्या पाण्यावरची दुसरी स्विस होडी. ही लहान, कॉक्ससह दोघांची. तिची गोष्ट मात्र अँटवर्पपासून सुरू होते.

१९२०च्या कालव्यावर एदुआर कान्देवो आणि आल्फ्रेड फेल्बर ही जोडी, पॉल पियाजे कॉक्स. तिसरे आले. पहिले आले इटलीचे एर्कोले ओल्जेनी आणि जोव्हान्नी स्कात्तुरीन, ७ मिनिटं ५६ सेकंदांत. मधे फ्रान्स. चार वर्षांनी आर्जांतयला तेच ओल्जेनी आणि स्कात्तुरीन आले. तेच कान्देवो आणि फेल्बरही आले. दोन्ही होड्यांत फक्त कॉक्स बदलले होते. स्विस होडीत आता एमिल लाशापेल, इटलीच्या होडीत जीनो सोप्राकोर्देवोले.

दोन माणसांची होडी ही सगळ्यांत लहरी. चौघांत एकाची चूक बाकीचे थोडीफार झाकतात. दोघांत झाकायला कुणी नसतं. एकाचं वल्हं उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे. एकाने जरा जास्त ओढलं की होडीचं नाक वळतं. म्हणून अशी जोडी जुळायला वर्षं लागतात आणि जुळली की कुणी ती मोडत नाही. चार वर्षांनंतर दोन्ही देशांनी त्याच जोड्या पाठवल्या याचं कारण तेच.

स्वित्झर्लंड ८ मिनिटं ३९.० सेकंद. इटली ८ मिनिटं ३९.१.

एक दशांश सेकंद. त्या वेगाने हिशेब केला तर चाळीस सेंटिमीटरच्या आत. पुरुषाच्या हाताने मोजलं तर एक हातही नाही. साडेआठ मिनिटं वल्हवून, २००० मीटर पार करून, चार वर्षं वाट पाहून. आणि दोन्ही होड्यांतल्या वल्हवणाऱ्यांना रेषा दिसत नव्हती. शेजारी शेजारी असलेल्या दोन होड्यांत पुढचं टोक कुणाचं आहे हे त्या चौघांपैकी कुणालाच नक्की सांगता आलं नसणार. निकाल सांगेपर्यंत त्यांनी वल्ही पाण्यावर आडवी टाकून, पाठ वाकवून, धापा टाकत वाट पाहिली असेल. १९२०चं कांस्य आता सुवर्ण झालं आणि इटलीचं सुवर्ण रौप्य झालं.

पॅरिसला स्वित्झर्लंडने एकूण सात सुवर्णपदकं जिंकली. त्यांतली दोन या होड्यांची. शिवाय एकट्याच्या शर्यतीत योसेफ श्नायडर तिसरा आला. बेरसफर्ड पहिला, तोच जो चार वर्षांपूर्वी केलीकडून एका सेकंदाने हरला होता. दोघांच्या दोन-दोन वल्ह्यांच्या शर्यतीत रुडॉल्फ बोसहार्ट आणि हाइनरिख थोमा तिसरे. सात शर्यतींपैकी पाचांत स्विस पदक. त्याच वर्षी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झुरिकला भरली.

एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. १९२० आणि १९२४, दोन्ही वेळा जर्मनी नव्हता. १९१२ साली स्टॉकहोमला कॉक्ससह चौघांची शर्यत जिंकली होती ती लुडविग्सहाफेनच्या जर्मन होडीने. लुडविग्सहाफेन ऱ्हाइनकाठी. झुरिकच्या सरोवरातून निघालेलं पाणी लिमाट, आरे आणि ऱ्हाइन असं होत त्याच गावावरून पुढे जातं. जर्मन होड्या आल्या असत्या तर वाल्टरला दोन सुवर्णं मिळाली असती का? हे कुणालाच सांगता येणार नाही. पण १९२८ साली अॅमस्टरडॅमला जर्मनी परत आला, तेव्हाही कॉक्ससह दोघांची शर्यत स्वित्झर्लंडनेच जिंकली. बंधू हान्स आणि कार्ल श्योखलिन, आणि कॉक्स हान्स बुर्कँ. तेव्हा स्विस वल्हवणं केवळ मोकळ्या मैदानामुळे पुढे आलं होतं असं म्हणता येत नाही.

चौघांच्या होडीत मात्र काळ बदलला होता. अॅमस्टरडॅमच्या कालव्यावर इटलीची होडी आली ती आद्रियातिक किनाऱ्यावरच्या इझोलाची. तिने ६ मिनिटं ४७.८ सेकंदांत शर्यत संपवली. स्वित्झर्लंड ७ मिनिटं ३.४ सेकंदांत दुसरं. जवळजवळ सोळा सेकंदांचं अंतर, म्हणजे पाच होड्यांहून जास्त. या वेळी स्विस चौघांसमोर नुसतं पाणी होतं. इटलीची होडी त्यांच्या पाठीमागे, खूप पुढे गेलेली. स्विस होडीत आता वाल्टर नव्हता.

कॉक्ससह चौघांची ही शर्यत पुढे अनेक दशकं ऑलिंपिकमध्ये राहिली. १९९२च्या बार्सिलोनानंतर ती काढून टाकण्यात आली आणि तिच्याबरोबर कान्देवो-फेल्बरची कॉक्ससह दोघांची शर्यतही गेली. ऑलिंपिकमध्ये कॉक्स आता फक्त आठ जणांच्या होडीत बसतो. चौघांच्या होडीत चौघंच असतात, सगळे पाठमोरे, आणि त्यांच्यातलाच एकजण वल्हवता वल्हवता पायाने सुकाणू हलवतो.